हाताने रंगवलेले काम आणि संगणकावरची छपाई एकाच चित्रात एकजीव कशी होईल?

प्रश्न (रेघोटी):
नमस्कार. अंतिम वर्षाच्या कलाप्रकल्पासाठी मी भिंतीवरची ओल आणि सुटलेले पोपडे या विषयावर सहा चित्रांची मालिका करत आहे. भिंतींची छायाचित्रे संगणकावर जुळवायची, त्यांचे प्रिंट जलरंगाच्या कागदावर चिकटवायचे आणि वरून जलरंगात काम करायचे, असा माझा बेत होता. पहिल्याच चित्रात ओला कुंचला फिरताच प्रिंटची शाई फुटली आणि राखाडी भागातून गुलाबी ओघळ निघाले. त्याहून मोठी अडचण अशी की, छपाई आणि रंगकाम ही दोन वेगळी चित्रे शेजारी ठेवल्यासारखी दिसतात. हे कसे सुधारावे?

उत्तर (कागदवेडा):
शाई फुटली, त्याअर्थी तुमचा प्रिंट डाय शाईचा असावा. इंकजेटची डाय शाई पाण्यात विरघळते, तर पिगमेंट शाईतले रंगकण वाळल्यावर बऱ्यापैकी टिकून राहतात. लेझर प्रिंटचा टोनर ही मुळात उष्णतेने कागदावर वितळवलेली प्लॅस्टिकची भुकटी असल्यामुळे त्याला पाण्याचे भय नाही. कोणताही प्रिंट वापरण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपून पाहावे.

तुमच्या विषयाला चिकटवण्यापेक्षा ठसा उतरवणे अधिक शोभेल. प्रतिमा आरशात दिसते तशी उलटी करून लेझर प्रिंट काढा, रंगवलेल्या कागदावर अॅक्रिलिक जेल मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक होणारा दाट, चिकट लेप) पातळ, सारखा थर द्या आणि प्रिंट पालथा घालून हवेचे फुगे दाबून काढा. रात्रभर वाळू दिल्यानंतर मागची बाजू ओलसर करून बोटाने हलकेच चोळली की कागदाचा लगदा वळ्या होऊन निघतो आणि टोनर जेलमध्ये अडकून राहतो. प्रिंटमध्ये जिथे पांढरे होते तिथे खालचा जलरंग दिसू लागतो. मात्र जलरंगाचे काम आधीच उरकून घ्या, कारण वाळलेल्या जेलवर जलरंग धरत नाही, त्याचे थेंब होतात. वरून काम करायचे असल्यास मॅट जेल घेऊन रंगीत पेन्सिल किंवा पातळ अॅक्रिलिक वापरा.

उत्तर (पोत):
तंत्राबद्दल वर नेमके सांगितले आहे. मला दुसऱ्या अडचणीबद्दल लिहायचे आहे. तुमच्या रीतीत संगणकाचे काम आधी संपते आणि हाताचे नंतर सुरू होते, म्हणून सांधा उघडा पडतो. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीच्या विणीचे छापील मेणकापड चित्रात चिकटवले, तेव्हा रंगाचे फटकारे त्या कापडावरूनही नेले, त्यामुळे छापील भाग चित्राबाहेरचा राहिला नाही.

तुम्ही एखादा डाग जलरंगात सोडा, ओला असतानाच त्यावर मीठ भुरभुरा, वाळला की मीठ झटकून तो स्कॅन करा आणि भिंतीच्या छायाचित्रावर मल्टिप्लाय लेयर म्हणून (म्हणजे खालचे छायाचित्र दिसत राहील आणि डागाने ते गडद होईल असा थर) ठेवा. त्याचा प्रिंट काढून त्यावर पुन्हा हाताने काम करा. छायाचित्रातली भेग आणि तुमची रेषा एकमेकींत शिरू लागल्या की कडा आपोआप विरतील. डाग दुप्पट मोठा छापायचा असेल तर स्कॅन ६०० पीपीआयवर (दर इंचाला ६०० चित्रबिंदू) करा, म्हणजे छापताना ३०० उरतील.

रेघोटी:
दोघांचेही मनापासून आभार. काल जेलचा ठसा उतरवून पाहिला. चोळताना एका कोपऱ्यात बोट जड पडले आणि टोनरचा तुकडा निघून खालचा मातकट जलरंग उघडा पडला; ती जागा पोपडा सुटलेल्या भिंतीसारखीच दिसते. हा भाग दुरुस्त करावा की तसाच ठेवावा?

पोत:
तसाच ठेवा. पुढच्या चित्रात मात्र पोपडा कुठे सुटायला हवा ते आधी ठरवा आणि तेवढ्याच जागी जेल लावू नका, म्हणजे तिथे टोनर धरणार नाही.