जर्मनी, प्राग आणि स्वित्झर्लंडच्या प्रवासात पैसे कसे न्यावेत?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता पंचवीस दिवसांसाठी जर्मनीला, श्टुटगार्ट येथे मुलाकडे जात आहोत. मधल्या एका आठवड्यात तो आम्हाला प्राग आणि स्वित्झर्लंड दाखवणार आहे. मी निवृत्त शिक्षक असून आम्हा दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. राहण्याजेवणाचा खर्च मुलगा करणार आहे. तरी नातवंडांना काही घेऊन द्यावे, दुपारी दोघांनीच फिरायला गेलो तर चहापाणी घ्यावे, यासाठी प्रत्येक वेळी मुलाकडे हात पसरणे मनाला पटत नाही. म्हणून सुमारे दीड लाख रुपये आपल्या हिशेबाने न्यायचे ठरवले आहे.

सौभाग्यवतींचे म्हणणे असे की सगळे पैसे रोख न्यावेत, कारण कार्ड अडकले तर परक्या देशात दाद कोणाकडे मागणार? मुलगा म्हणतो, फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून घेतलेले कार्ड, काढा. माझ्याजवळ बँकेचे नेहमीचे डेबिट कार्ड आहेच. याखेरीज आमच्या एका स्नेह्यांकडे मागच्या सहलीतून उरलेले सहाशे युरो आहेत आणि ते बँकेपेक्षा कमी दराने द्यायला तयार आहेत. ते घेतले तर वटणावळ वाचेल, असे वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हतनूर (भुसावळ)

सर, मी बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर बरीच वर्षे काम केले आहे. म्हणून आधी स्नेह्यांच्या युरोंबद्दल स्पष्टच लिहितो: ते विकत घेऊ नका. फेमा, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे, परकीय चलनाची खरेदी-विक्री रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँकेशी किंवा चलन बदलून देणाऱ्या अधिकृत संस्थेशीच करावी लागते. स्नेह्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या नोटा कुठून घेतल्या याची पावती तुमच्याजवळ नसेल आणि विमानतळावर विचारणा झालीच, तर उत्तर देणे अवघड जाईल. त्यांनाही घाई करण्याचे कारण नाही. परतल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या मोलाच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, त्यापुढची रक्कम १८० दिवसांत बँकेला परत करावी लागते.

आता रोख रकमेचे. एका प्रवाशाला एका प्रवासात तीन हजार डॉलरच्या मोलापर्यंत परकीय नोटा नेता येतात, त्यामुळे तुमची रक्कम मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. मात्र नियमात बसते म्हणून सगळी रोखच न्यावी, असे नाही. माझ्या मते दोघांत मिळून चारशे ते पाचशे युरोच्या नोटा घ्याव्यात आणि उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर भरावी. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड सोबत न्या. खरेदीची रक्कम पन्नास हजार रुपयांच्या वर जात असेल, तर पैसे रोखीने न देता धनादेशाने किंवा खात्यातून द्यावे लागतात.

आपल्या खानदेशातल्या मंडळींची अडचण अशी होते की ती प्रवासाच्या दोन दिवस आधी शाखेत जातात. इथल्या बहुतेक शाखांच्या तिजोरीत युरोच्या नोटा नसतात. मागणी नोंदवल्यावर त्या मोठ्या शहरातून मागवाव्या लागतात. नोटा हाती आल्या नाहीत की माणूस मुंबईच्या विमानतळावरच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो, आणि तिथला दर सहसा शहरातल्या दरापेक्षा महाग असतो. तेव्हा पंधरा-वीस दिवस आधी जा आणि दहा, वीस व पन्नासच्या नोटा मागा. शंभराच्या नोटा मोजायला सोप्या असतात, पण तिकडच्या छोट्या दुकानात त्या मोडत नाहीत.

दर विचारताना ‘कमिशन किती?’ असे विचारू नका. कमिशन शून्य सांगून तेच पैसे दरात मिळवता येतात. ‘माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात किती युरो येणार?’ असे विचारा आणि भागाकार स्वतः करा. जीएसटीची फार काळजी नको. एक लाख रुपयांच्या चलनावर तो १८० रुपये होतो. खरा फरक हुंडणावळीच्या दरातच पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करणे हिताचे आहे.

डेबिट कार्डही सोबत असू द्या, पण अडीअडचणीपुरते. १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळते; परदेशातील वापर तुम्हाला ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. शिवाय परदेशी व्यवहारावर बँक अधिभार लावते. तो साडेतीन टक्के असेल, तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसह ४.१३ टक्के होतो. म्हणजे पन्नास हजारांच्या खर्चावर २,०६५ रुपये जादा गेले.

पांझरा (धुळे)

काका, मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन म्युनिक आणि प्रागला गेले होते. हतनूर काकांचे सगळे पटले, पण काकूंचे म्हणणेही अगदीच चुकीचे नाही. जर्मनीत आजही रोख पैशांना मान आहे. काही बेकऱ्या, आठवडी बाजारातली दुकाने आणि लहान उपाहारगृहे एक तर रोखच घेतात किंवा तिथलेच स्थानिक कार्ड घेतात. हमरस्त्यावरच्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात, म्हणून खिशात एक आणि दोन युरोची नाणी कायम असू द्या. पैसे देताना ते हातात न देता गल्ल्यासमोरच्या छोट्या तबकात ठेवायचे असतात आणि सुटेही त्याच तबकात परत मिळतात. आई पहिल्या दिवशी बेकरीतल्या बाईंसमोर नोट धरून उभी राहिली आणि त्या हात पुढे करेनात, तेव्हा आपले काय चुकले या विचाराने ती फार बावरली होती.

मला खरा फटका प्रागमध्ये बसला आणि ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तुम्हीही तिथे जाणार आहात. चेक देशात युरो नाही, कोरुना हे चलन आहे. जुन्या शहराच्या चौकाजवळच्या एका एटीएममधून मी डेबिट कार्डाने चार हजार कोरुना काढायला गेले. पडद्यावर रुपयांतला आकडा आला, सोळा हजारांच्या वर, आणि त्याखाली दोन बटणे: एक ठळक, ‘रूपांतर स्वीकारा’, आणि दुसरे फिकट, ‘रूपांतर नको’. रुपये पाहून मला आपलेपणा वाटला, शिवाय ‘नको’ म्हटले तर पैसेच मिळणार नाहीत, असे वाटून मी ठळक बटण दाबले. रात्री हिशेब केला तेव्हा कळले की त्या दिवशीच्या बाजारभावाने तेवढ्या कोरुनांचे साडेचौदा हजारच व्हायला हवे होते. दुसऱ्या दिवशी एका बँकेच्या एटीएमवर ‘नको’ दाबले आणि पैसे व्यवस्थित मिळाले. दुकानातल्या यंत्रावरही रुपये की स्थानिक चलन असे विचारतात. प्रत्येक वेळी स्थानिक चलनच निवडा.

तिथल्या चलन बदलून देणाऱ्या खिडक्यांवरही आधी हातात नेमके किती कोरुना येतील, ते कागदावर लिहून मागा. व्यवहार फसला असे वाटले, तर २०१९ पासूनच्या चेक कायद्याप्रमाणे एक हजार युरोपर्यंतचा रोख व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते. हे मला तिथून परतल्यावर समजले.

आणखी एक. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड प्राग किंवा स्वित्झर्लंडमध्ये वापरले, तर युरोतून कोरुना किंवा फ्रँक करताना पुन्हा शुल्क लागते. कार्ड घेताना हे शुल्क किती ते विचारा. स्विस दुकानांत काही ठिकाणी युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुटे फ्रँकमध्ये येतात. दोन-तीन दिवसांसाठी तिथे कार्डानेच भागवलेले बरे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. स्नेह्यांना आजच नम्रपणे नकार कळवतो. सौभाग्यवतींना ताईंचा मजकूर वाचून दाखवला. पाचशे युरो रोख आणि बाकी कार्डावर, याला त्यांनी संमती दिली आहे. शेवटच्या दोन शंका आहेत. कार्ड एकच घ्यावे की दोघांच्या नावे वेगळे? आणि उरलेल्या पैशांचे काय करावे?

हतनूर (भुसावळ)

सर, दोघांच्या नावे वेगळी कार्डे घ्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. एक हरवले किंवा यंत्रात अडकले, तर दुसऱ्यावर निभावते. कार्ड बंद करण्यासाठी परदेशातून लागणारा बँकेचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून सामानात ठेवा, कारण तो बहुधा कार्डाच्या मागेच छापलेला असतो आणि कार्ड गेले की तोही जातो. ऑनलाइन खरेदीचा ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येईल, म्हणून ते सिम बंद करू नका.

कार्डावर उरलेली रक्कम परतल्यावर शाखेत अर्ज देऊन रुपयांत खात्यात जमा करून घेता येते. तिला त्या दिवशीचा बँकेचा खरेदीदर लागतो, जो विक्रीदरापेक्षा कमी असतो. म्हणून सुरुवातीला सगळे दीड लाख न भरता लाखभर भरा. कमी पडले तर इथल्या खात्यातून पुन्हा भरता येतील, अशी सोय असलेलेच कार्ड मागा. नोटा बँक परत घेईल, नाणी मात्र घेत नाही. ती निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी सांगितलेल्या बेकरीसारख्या दुकानात संपवा, किंवा नातवंडांच्या गल्ल्यात टाकून या.