रसभंग, अपेक्षाभंग की वचनभंग?

सिनेमाच्या पुढच्या भागानं पार विरस केला, हे एका शब्दात कसं सांगायचं? मी 'रसभंग झाला' असं लिहिलं होतं. त्यावर एक जाणकार म्हणाले, रसभंग म्हणजे ऐन रंगात आलेल्या मैफलीत कुणाचा तरी फोन वाजणं. तुमचा झाला तो अपेक्षाभंग. मला हे पटलेलं नाही, म्हणून इथे विचारतो.

सिनेमा 'स्टार वॉर्स'चा आठवा भाग, 'द लास्ट जेडाय', २०१७. लेखन आणि दिग्दर्शन रायन जॉन्सन. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथंच थांबावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.) त्याच्या आधीचा भाग २०१५ चा, जे. जे. एब्रम्स यांचा. जुन्या भागांचा नायक लूक स्कायवॉकर गायब झालाय आणि सगळे त्याला शोधताहेत, एवढ्यावर तो अख्खा भाग उभा आहे. शेवटी रे नावाची मुलगी एका बेटाच्या माथ्यावर पोचते, लूकचं जुनं लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, त्याच्यापुढे धरते आणि सिनेमा संपतो. दोन वर्षं तो हात तसाच पुढे. मग आठव्या भागात लूक ते हातात घेतो, बघतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. चालायला लागतो. थिएटरात लोक हसले. मी नाही हसलो.

आता 'अपेक्षाभंग' म्हटलं की दोष माझ्या पदरात पडतो. अपेक्षा माझी, ती मोडली, तर मुळात ठेवली कशाला? पण ही अपेक्षा मी घरून घेऊन गेलो नव्हतो, आधीच्या भागानंच ती हातात दिली होती. मग 'वचनभंग' म्हणावं का? तो शब्द मात्र कोर्टकचेरीचा वाटतो.

* * *

हिरमोड. विषय संपला.

* * *

हिरमोड शब्द गोड आहे पण त्यात राग नाही. हिरमोड झालेला माणूस हिरमुसून गप्प बसतो. या सिनेमावर लोक गेली कित्येक वर्षं भांडताहेत. 'भ्रमनिरास'सुद्धा चालणार नाही. त्यात आधीची समजूत खोटी होती आणि ती गेली ते बरंच झालं, असा सूर असतो. म्हणजे उलट दिग्दर्शकाचीच बाजू घेतल्यासारखं.

* * *

तुमच्या जाणकारांनी रसभंगाची अर्धीच बाजू सांगितली. फोन वाजतो तो बाहेरून आलेला अडथळा. पण साहित्यशास्त्रात हा शब्द आला तो कृतीच्या आतल्या दोषासाठी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त स्वच्छ लिहिलंय, 'अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्'. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरं कारण नाही. आणि हे वाक्य प्रेक्षागृहातल्या गडबडीबद्दल नाही, कवीनं पात्राला काय करायला लावलं याबद्दल आहे. माणूस असलेल्या राजानं सात समुद्र ओलांडल्याचं वर्णन केलंत तर ते कितीही सुंदर असो, नीरस होतं, असं तो म्हणतो. कारण ते त्या पात्राच्या प्रकृतीला धरून नाही.

त्यामुळे लूकच्या बाबतीत 'रसभंग' हा नेमका शब्द. ज्यानं १९८३ च्या भागात आपल्या खुनशी बापातही चांगुलपणा शिल्लक आहे असं म्हणून स्वतःचा जीव पणाला लावला, तोच माणूस झोपलेल्या पुतण्यावर, नव्हे भाच्यावर, क्षणभर का होईना शस्त्र उपसतो. प्रकृतीला सोडून आहे हे.

मात्र त्याच आनंदवर्धनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. परंपरेनं आलेल्या कथेत रसाला मारक असा प्रसंग असेल तर कवीनं तो टाकून द्यावा आणि स्वतःचा घालावा, अशी मुभा तो देतो. कवीचं काम घडलं तसं सांगणं नाही, ते इतिहासात मिळतंच. म्हणजे 'आधीच्या भागात असं नव्हतं' एवढ्या तक्रारीला शास्त्राचा आधार नाही.

* * *

मुभेचं ठळक उदाहरण म्हणजे शाकुंतल. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि भर सभेत ओळखत नाही म्हणतो. कालिदासानं दुर्वासांचा शाप आणला, अंगठी आणली, आणि नायकाला खोटेपणातून सोडवलं. मूळ कथा केवढी बदलली! पण कुणी त्याला रसभंग म्हटलं नाही. का, तर बदलानंतर नायक प्रेम करण्याजोगा राहिला. जॉन्सन यांचा बदल उलट्या दिशेनं जातो. त्यांनी नायकाचा शाप काढून घेतला आणि दोष त्याच्या अंगावर ठेवला.

अर्थात हे धाडसही असू शकतं. मला शाकुंतलातला दुष्यंत महाभारतातल्यापेक्षा कमी खरा वाटतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

* * *

मी या सिनेमाच्या बाजूचा आहे, म्हणून थोडं.

लाइटसेबर फेकणं लूकच्या प्रकृतीला सोडून आहे म्हणता? १९८३ च्या भागात दुष्ट सम्राट पॅल्पटिनसमोर त्यानं नेमकं तेच केलं होतं. शस्त्र फेकलं आणि लढायला नकार दिला. आणि त्याच्या काही क्षण आधी, बहिणीवरून डिवचल्याबरोबर, हाच लूक बापावर तुटून पडला होता. भान आलं ते बापाचा हात तोडल्यावर. म्हणजे क्षणभर तोल जाणं आणि मग सावरणं हे त्याच्यात पहिल्यापासून होतं. आठव्या भागातही शस्त्र उपसतो, लगेच लाजतो. अनौचित्य कुठे आलं?

शिवाय लूक पळून जाऊन बेटावर बसलाय, मित्र मरताहेत तरी येत नाही, हे जॉन्सन यांनी ठरवलेलं नाही. एब्रम्स यांनीच त्याला तिथं नेऊन बसवला. माणूस असा का बसेल, याचं उत्तर दुसऱ्याला द्यावं लागलं. सातवा भाग डिसेंबर २०१५ मध्ये लागला आणि आठव्याचं मुख्य चित्रीकरण फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालं. तुम्ही दोन वर्षं जी अपेक्षा बाळगलीत ती तयार होण्याच्या आत पुढची कथा कागदावर आलेली होती. म्हणून शब्द 'अपेक्षाभंग'च, आणि अपेक्षा तुमचीच.

* * *

धागा माझा, तर मीच उत्तर देतो.

१९८३ चा दाखला बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूनं जातो. तिथं लूक शस्त्र टाकतो तेव्हा श्वास रोखला जातो. इथं टाकतो तेव्हा हशा पिकतो. कृती एकच, रस वेगळा. जिथं आधीच्या भागानं गांभीर्य साठवून ठेवलं होतं तिथं विनोद आणून बसवला. याला रसभंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? नाकारायचंच होतं तर त्यानं ते शस्त्र परत तिच्या हातात ठेवलं असतं, जमिनीवर ठेवलं असतं. कथा तीच राहिली असती. माझं भांडण कथेशी नाही, सांगण्याशी आहे.

आणि लिहिता लिहिता एक लक्षात आलं. आपण 'कथेला कलाटणी मिळाली' म्हणतो आणि 'कथेला कलाटणी दिली' असंही म्हणतो. दोन्ही बरोबर, पण कधी काय म्हणतो ते बघा. १९८० च्या भागात डार्थ व्हेडर लूकला सांगतो की मीच तुझा बाप. तिथं कथेला कलाटणी मिळते. आठव्या भागात स्नोक नावाचा महाखलनायक, ज्याची दोन भाग हवा केली, तो कोण, कुठला हे न सांगता मधेच कापला जातो. तिथं कलाटणी दिली जाते. देणारा दिसतो. त्याला मारतो कायलो, लूकचा तोच भाचा. माझ्या तोंडून 'कायलोनं स्नोकला मारलं' असं निघायला हवं, पण निघतं 'जॉन्सननं स्नोकला मारलं'. पात्र कर्ता असायला हवं त्या जागी दिग्दर्शक येऊन बसतो. माझ्यापुरती रसभंगाची खूण हीच, वाक्यातला कर्ता बदलला की रस गेला.

* * *

कर्त्याचं निरीक्षण आवडलं. पण मग कौतुकाचं काय? 'कालिदासानं शाप आणला' असं वरच म्हटलंय की. तिथंही कर्ता कवीच आहे.

* * *

हो, पण ते नाटक संपल्यावर, चर्चेत. नाटक चालू असताना शाप दुर्वासच देतात. प्रश्न वाक्य केव्हा बदलतं याचा आहे. खुर्चीत बसल्या बसल्या 'हे यानं मुद्दाम केलंय' असं वाटलं की झालं.

याच सिनेमात उलट उदाहरणही आहे. शेवटी लूक एकटा अख्ख्या सैन्यासमोर उभा राहतो, आणि नंतर कळतं की तो तिथं नव्हताच, त्या बेटावरूनच आपली प्रतिमा पाठवली होती. तीही फसवणूकच, पण तिथं मला जॉन्सन आठवले नाहीत. लूकनं फसवलं असंच वाटलं. सिनेमा आवडला नाही तरी या दृश्याला मी कुणालाही नावं ठेवू देणार नाही.

* * *

त्याच निकषावर व्हाइस अ‍ॅडमिरल होल्डोचं प्रकरण तपासा. सुटकेची योजना तयार असते, पण ती बाई पो नावाच्या वैमानिकाला सांगत नाही, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही, आणि त्या न सांगण्यावर बंड होतं, पोच्या साथीदारांची, फिन आणि रोझची, कॅसिनोतली सगळी धावपळ होते आणि फुकट जाते. याला 'रहस्य' म्हणवत नाही. रहस्य राखलं जातं, हे नुसतं दडवलं. 'दडवणे' या क्रियापदाला दडवणारा लागतोच.

आणि एक, धाग्यात सुरुवातीला 'पुढे सगळं फोडलेलं आहे' असा इशारा दिलात ते उत्तम. हल्ली त्यालाही काही लोक 'रसभंगाचा इशारा' म्हणतात. गोष्ट आधी सांगून टाकणं म्हणजे रहस्यभेद. शाकुंतलाची गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक असते, म्हणून काही रस जात नाही.

* * *

थोडं वेगळं. एका समीक्षेत 'दिग्दर्शकाची निवड चुकली' असं वाचलं. लेखकाला म्हणायचं होतं की दिग्दर्शकानं कथेत जे केलं ते चुकलं. पण मराठीत त्याचा सरळ अर्थ होतो, भलताच दिग्दर्शक नेमला. 'निर्णय' म्हणा, नाहीतर सरळ 'असं करायला नको होतं' म्हणा.

गंमत अशी की इथं दोन्ही अर्थ लागू पडतात. सातवा एब्रम्सकडे, आठवा जॉन्सनकडे, नववा कॉलिन ट्रेव्होरो यांच्याकडे जाणार होता, ते सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडले आणि गाडी परत एब्रम्सकडे. तिघांना बांधणारा आराखडा पडद्यावर तरी दिसत नाही. त्यामुळे सगळा राग एकट्या जॉन्सनवर काढणं मला अन्यायाचं वाटतं. खुद्द लूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिल यांनी त्यांच्याशी मतभेद जाहीरपणे बोलून दाखवले होते, पण पुढे ते असं चारचौघांत बोलल्याचा खेदही त्यांनीच व्यक्त केला.

याच कारणासाठी सीक्वेलला 'उत्तरार्ध' म्हणू नये. उत्तरार्धाला पूर्वार्ध माहीत असतो आणि पूर्वार्धाला उत्तरार्ध. इथं फक्त 'पुढचा भाग'.

* * *

मग 'रेटकॉन'ला काय म्हणायचं? आधी सांगितलेल्याचा अर्थ मागाहून बदलायचा आणि पहिल्यापासून हेच होतं असं दाखवायचं.

* * *

सारवासारव! तयार शब्द आहे, नवा घडवायची गरज नाही. २०१९ चा नववा भाग त्याचं प्रात्यक्षिक आहे. आठव्या भागात कायलोनं रेला सांगितलं, तुझे आईबाप कुणीही नव्हते, दारूच्या पैशांसाठी तुला विकून गेले. मला विचाराल तर अख्ख्या आठव्या भागातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, थोर घराण्याचं रक्त नसतानाही मुलगी थोर होऊ शकते. नवव्यात ती निघाली सम्राट पॅल्पटिनची नात. बादरायण संबंध जोडावा तर असा! आणि वर तोच कायलो म्हणतो, मी खोटं बोललो नव्हतो, त्यांनी स्वतःहूनच कुणीही नसणं पत्करलं होतं. तलवारीचंही तसंच. रे लाइटसेबर आगीत फेकते, लूकचं भूत ते झेलतं आणि जेडाय योद्ध्याच्या शस्त्राचा मान राखावा असं तिलाच सुनावतं. ते वाक्य रेसाठी नव्हतंच, आठव्या भागासाठी होतं.

* * *

सारवासारव जुन्या भागांतही आहे हे विसरू नका. १९७७ मध्ये लूकचा गुरू ओबी-वान त्याला सांगतो, तुझ्या बापाला व्हेडरनं मारलं. १९८० मध्ये व्हेडरच बाप निघतो. १९८३ मध्ये ओबी-वानचं भूत येऊन म्हणतं, एका दृष्टीनं मी सांगितलं ते खरंच होतं. कायलोचा युक्तिवाद आणि हा, काय फरक?

* * *

फरक एवढाच की तिथं सारवण्यासारखं काही हाती लागलं होतं. व्हेडर बाप झाल्यानं आधीचा भाग मोठा झाला. रे नात झाल्यानं आधीचा भाग खोडला गेला. म्हणून नवव्यासाठी मी 'सारवासारव' नाही, 'घूमजाव' म्हणेन. सारवासारवीत निदान आधीचं खरं धरलेलं असतं.

बाकी माझ्या लिखाणात 'रसभंग' तसाच ठेवतोय, फक्त लाइटसेबरच्या दृश्यापुरता. स्नोकसाठी 'कलाटणी दिली'. लूकच्या एकूण चित्रणासाठी, वरचे १९८३ चे दाखले बघता, 'अपेक्षाभंग' लिहितो, पण 'आधीच्या भागानं केलेला' असं पुढे जोडून.

* * *

घूमजाव 'केला' की 'केलं'?

* * *

केलं. वर्तमानपत्रं रोज कुणा ना कुणाच्या नावावर 'घूमजाव केले' असंच छापतात.