ग्रामसभेने झाडतोडबंदीचा ठराव केला, पण मालकी रानाला तो लागतो का?

पऱ्याकाठची

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, नाव टाकत नाही कारण गावात आधीच दोन पार्ट्या पडल्यात. घाटावरचे लाकूड ठेकेदार येतात आणि रान एकरकमी उचलतात, म्हणजे झाडं मोजून वगैरे नाही, अख्खा तुकडाच, इतके गुंठे इतके पैसे, की लगेच कटर चालू आणि बघता बघता डोंगराची बाजू मोकळी. वरच्या वाडीच्या मागे ऐन, किंजळ, जांभूळ, मधेच एखादा जुना बेहडा असं घट्ट रान होतं, दुपारी पण काळोख असायचा. तिथे आता जेसीबीने काढलेला लाल रस्ता आहे आणि बुंधे. पावसात त्या रस्त्याची सगळी माती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात उतरली, नळपाण्याची विहीर त्याच पऱ्याच्या काठाला, त्यामुळे गणपतीपर्यंत नळाला चहासारखं पाणी येत होतं.

शेवटी बायकांनीच ग्रामसभेत विषय लावून धरला आणि ठराव झाला की गावाच्या हद्दीत साफतोड करायची नाही, पऱ्याच्या दोन्ही अंगाच्या झाडांना हात लावायचा नाही आणि ठेकेदाराने आधी ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदार म्हणतो, ठराव फ्रेम करून लावा, माझ्याकडे मालकाची सही आहे आणि खात्याची परवानगी पण आहे. ग्रामसेवक म्हणतात, ताई, ठरावाला कायद्याचा आधार नाही.

हिवरे बाजारला कुऱ्हाडबंदी चालते, गडचिरोलीत गावं जंगल चालवतात असं वाचतो, मग आमचाच ठराव रद्दी कसा काय? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, भाषण नको.

सातबारा_उतारा

ताई, ग्रामसेवक अर्धं बरोबर बोलतायत.

आधी जमीन कोणाची ते बघा, सगळं तिथेच ठरतं. कोकणातलं रान बहुतांशी मालकी, आणि मालकी जमिनीवरच्या झाडांना १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे, सागवान, आंबा, फणस, खैर, हिरडा, मोह, चिंच, ऐन, किंजळ, जांभूळ वगैरे, ही तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ग्रामपंचायतीची नाही. राज्याच्या कायद्याने जो अधिकार वृक्ष अधिकाऱ्याला दिलाय तो ग्रामसभा ठराव करून आपल्याकडे ओढू शकत नाही, त्यामुळे "आधी आमचा दाखला" हे तुमचं कलम कोर्टात टिकणं अवघड. शहरात झाडाला नोटीस लागते, हरकती मागवतात ते १९७५ च्या नागरी क्षेत्राच्या कायद्याने, तो महापालिका नगरपालिकांचा, खेड्याला तो लागत नाही. बरेच लोक इथे गल्लत करतात.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज हे पंचायतींचे विषय म्हणून लिहिलेत खरे, पण त्यातलं किती खाली सोडायचं ते राज्य ठरवतं. आणि वनं हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र पण वर बसलेलं. ग्रामपंचायत ह्या उतरंडीत सगळ्यात खाली.

हिवरे बाजारचं वेगळं आहे. तिथली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी मुख्यतः सामाईक आणि वनखात्याच्या डोंगरावर, आणि ती पाळली जाते ती गाव एका शब्दावर आहे म्हणून. कोणी कोर्टात गेलंच नाही तर ठराव कायदेशीर होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही.

आता कामाचं. तुमच्या डोंगराच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात "खाजगी वन" किंवा "राखीव वन" असा शेरा आहे का बघा. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली नोटिसा निघालेल्या बऱ्याच जमिनी १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला सरकारकडे गेल्या, आणि नोंद मात्र कित्येक वर्षं ओढलीच गेली नाही. तसं काही निघालं तर विक्री करणारा मालकच उरत नाही आणि १९८० चा वन संवर्धन कायदा पण लागतो. मग ठराव लागणारच नाही, एक अर्ज पुरे.

मोहफूल

गडचिरोलीचं नाव निघालं म्हणून लिहिते, मी तिकडचीच.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण सगळे देतात पण तिथे ठरावाच्या मागे कायदा उभा आहे हे कोणी सांगत नाही. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ३(१)(झ), सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क. मेंढ्याला तो २००९ मध्ये मिळाला, सुमारे १८०० हेक्टरवर. आणि हक्क मिळाला म्हणजे झालं असं पण नाही, त्यानंतर गावाने बांबू विकायला काढला तर खातं वाहतूक पास देईना, बांबू हे लाकूड आहे की गौण वनोपज यावर घोळ, शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं तेव्हा गाडी हलली. हक्क कागदावर आणि पास खात्याकडे, अशाने काय होतं ते आम्ही बघितलंय.

चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव आहे, गोंडपिपरी तालुक्यात, त्यांना २०१२ मध्ये साधारण हजार हेक्टर मिळालं. त्यांनी गावात बसून नियम लिहिले, आणि तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. विदर्भाच्या बाहेरच्यांना याचं महत्त्व कळणार नाही, उन्हाळ्यात तेंदू म्हणजे रोख पैसा. पण चांगला पाला फुटावा म्हणून फांद्या छाटायच्या, जंगलात आग लावायची, हे नको म्हणून सोडला, बांबूवर भागवलं. बाहेरून कोणी बंदी घातली असती तर लोकांनी रात्री तोडला असता.

पण पऱ्याकाठची ताई, हा कायदा वनजमिनीवर चालतो, मालकी रानावर नाही. शिवाय आदिवासी नसाल तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं वनावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीची. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, तो पण तुमच्या तालुक्यात नाही. गावाला लागून वनखात्याचा पट्टा असेल तर त्यापुरता दावा करून बघा.

डोंगरमालक

मी माझं रान विकलंय. आता घाला शिव्या.

सगळे झाडांबद्दल बोलतायत, ज्याचं रान आहे त्याला कोणी विचारत नाही. आमच्या आजोबांनी राखलं म्हणून ते रान उरलं, ना खात्याने राखलं ना ग्रामपंचायतीने. पूर्वी कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायचो, भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला, भाजावळीला लागायची, सरपण घ्यायचो, रान परत फुटायचं. आता शेती पडीक, गुरं नाहीत, पोरं मुंबई पुण्याला, रानाचा उपयोग काय तर वर्षाला शेतसारा भरा आणि वणवा लागला की विझवायला पळा. घरात आजारपण आलं की ठेकेदार दारात रोख मोजतो. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या किती जणांच्या नावावर डोंगर आहे ते विचारा एकदा.

दंडाचं पण तेच. १९६४ च्या कायद्यात हजार रुपये दंड होता, ठेकेदाराला चहापाण्याचा खर्च. २०२४ ला मंत्रिमंडळाने तो पन्नास हजार करायचं ठरवलं तर कोकणात बोंब झाली, आणि ती काही फक्त ठेकेदारांनी केली नाही. घरासमोरचा वठलेला फणस तोडायला तालुक्याला खेपा घालणारा शेतकरी पण त्यात होता.

आणि ग्रामसभेचे ठराव मला सांगू नका. पश्चिम घाटासाठी गाडगीळ समिती आली तेव्हा सावंतवाडी दोडामार्गातल्या २५ ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून ठराव केले, कारण खाणी डोक्यावर होत्या. नंतर त्याच कामाच्या कस्तुरीरंगन समितीची संवेदनशील गावांची यादी आली आणि इतर कित्येक गावांनी आम्हाला वगळा म्हणून ठराव केले. दोन्हीकडे कोरम होता, दोन्हीकडे सरपंचाची सही होती. २०१४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला, जुलै २०२४ ला सहावा. यादी अजून मसुद्यातच फिरतेय आणि तोवर तोडायचं ते तोडून झालं.

सत्तरीकर

आमच्या गोंयात २०१६ ला सरकारने माडाला वृक्ष संवर्धन कायद्यातून काढला, म्हणजे कायद्याप्रमाणे माड हे झाडच नाही 😄 लोकांनी ओरड केली, २०१७ ला सरकार बदललं आणि माड परत झाड झाला. तेव्हा कुठलं झाड यादीत आहे आणि कुठलं नाही ते आधी वाचा, जंगल जातं ते यादीच्या फटीतून. दोडामार्ग आमच्या शेजारी, तिथे डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस लावलेत. मुंबई हायकोर्टाची तोडबंदी तिथे २०१३ पासून आहे बरं का, ठराव नाही, हायकोर्ट! तरी तोड चालूच, म्हणून मार्च २०२४ ला कोर्टाला परत टास्क फोर्स नेमायला सांगावं लागलं.

पऱ्याकाठची

@डोंगरमालक दादा, शिव्या नाही घालत. आमच्या गावात विकलेला पहिला तुकडा माझ्या चुलतसासऱ्यांचा, ऑपरेशनला पैसे हवे होते. पण पाणी सगळ्या वाडीचं गढूळ झालं, त्यांच्याही घरातलं.

सातबारा काढला. "खाजगी वन" शेरा नाही. पण नावं बघून चक्कर आली, खातेदार म्हणून बारीक अक्षरात पानभर नावं, अर्धे वारलेले, बाकीचे डोंबिवली विरारला. आणि परवानगीसाठी सही एकाचीच दिलीय म्हणे. हे चालतं का?

सातबारा_उतारा

हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं! सामाईक सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची संमती लागते. एकाने जरी वनक्षेत्रपालांकडे लेखी हरकत दिली तरी फाइल अडते. विरारला फोन लावा.

आणि माहिती अधिकारात परवानगीची प्रत मागा, त्यात कुठल्या जातीची किती झाडं लिहिलीत ते बघा आणि मग वर जाऊन बुंधे मोजा, फोटोसकट. ऐन, किंजळ, जांभूळ यादीत आहेत, बेहडा नाही. दहा झाडांच्या परवानगीवर अख्खा डोंगर नेतात हा जुना धंदा आहे, आणि तिथे तुमचा ठराव कामाला येतो, पंचनाम्याच्या अर्जाला जोडा. नुसत्या बाईच्या अर्जाला टेबलावर जागा नसते, ग्रामसभेच्या ठरावाला निदान आवक नंबर पडतो. ठराव ग्रामसभेचाच आहे ना, मासिक सभेचा नाही? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातले जे कमी तेवढे हजर होते का ते रजिस्टरात बघून घ्या, ठेकेदाराचा वकील पहिलं तेच बघेल.

पऱ्याच्या काठाचं म्हणाल तर जैवविविधता कायद्याकडे जा. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, तुमच्याकडे पण कागदावर असेलच. तिच्या शिफारशीने प्रस्ताव गेला तर राज्य सरकार त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. दोडामार्गात बांबर्ड्याची रानजायफळाची राई २०२१ ला अशीच झाली, जेमतेम अडीच हेक्टर, आणि आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम तिथल्या माशामुळे. छोटा तुकडा असला तरी चालतो.

डोंगरमालक

वारसा स्थळ झालं तर मालकाला काय मिळतं ते पण लिहा की.

सातबारा_उतारा

फारसं काही नाही, खोटं कशाला बोलू. कायद्यात बाधित लोकांना भरपाई द्यायची योजना सरकारने करावी असं म्हटलंय, पण त्या भरवशावर ऑपरेशन होत नाही. वन्यजीव कायद्यात कम्युनिटी रिझर्व्ह पण आहे, कलम ३६ ग, मालकाने स्वखुशीने जमीन द्यायची, त्यातही पैशाचं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून म्हणतो, पऱ्याचा काठ सोडून बाकी डोंगरावर साफतोडीऐवजी निवडक तोड मालकाला परवडेल असं काही गावाने बसून ठरवलं तरच जमेल.

पऱ्याकाठची

हरकतीचा मसुदा कोणाकडे आहे का मराठीत? विरारचे दीर सही करायला तयार आहेत, रविवारी येतायत.