बारावी सायन्सचं वार्षिक नियोजन: भाषांचे तास कापू की नको?

संगमेश्वरी मास्तर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, गणिताची जागा रिकामी आहे म्हणून दोन वर्षं गणितही माझ्याच गळ्यात आहे. बारावीचं वर्षाचं नियोजन यंदा माझ्याकडे आलंय आणि स्टाफरूममध्ये त्यावरून जुंपलीय, म्हणून इथे टाकतो.

माझा प्लॅन असा. इंग्रजीचे आठवड्याला सहा तास आहेत ते तीन करायचे, मराठीचे चार आहेत ते दोन. वाचलेले पाच गणित आणि फिजिक्सला. दिवाळीपर्यंत पोर्शन खल्लास, पुढे नुसती रिव्हिजन आणि एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न.

का, ते सांगतो. गणिताची दोन पुस्तकं मिळून १५ प्रकरणं, फिजिक्स १६, केमिस्ट्री १६, बायो १५. बोर्डाची परीक्षा आधी २१ फेब्रुवारीच्या आसपास असायची, २०२५ ला ती ११ तारखेला आणली. म्हणजे दहा दिवस तिथेच गेले. आपल्याकडे १५ जूनला कॉलेज उघडतं आणि मग जुलैत साकवावरून पाणी गेलं की अर्धा वर्ग नाही, गणपतीत आठवडाभर कोणीच नाही (आणि पुढचा आठवडा पोरं नुसती शरीराने असतात), मग सहामाही, दिवाळी, गॅदरिंग, पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल. मी कॅलेंडर घेऊन बसलो तर धड शिकवायचे दिवस शंभर-सव्वाशेच्या वर जाईनात. इंजिनीअरिंगची अॅडमिशन सीईटीच्या पर्सेंटाइलवर, बोर्डाला ओपनवाल्याला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ४५ टक्के मिळाले की झालं. सीईटीत इंग्रजीचा एक प्रश्न नाही. मग सहा तास कशाला?

देवगडचो बापूस
सर, तुमचा बरोबर आसा. माझो झील बारावीक आसा. वस्तीची गाडी सकाळी सव्वासाक सुटता, परत घराक येवक दोन वाजतत. क्लास लावचो म्हटला तर तालुक्याक खोली घेवची लागतली, ता आमका परवडणा नाय. काय ता कॉलेजातच शिकवा. मराठी काय, पोरगो घराक बोलताच.

पेपर तपासणारी
बापूस, घरी तो मालवणी बोलतो हो, परीक्षेला ती चालत नाही 😀

मास्तर, तुमच्यावर राग नाही पण प्लॅन पटला नाही. मी इंग्रजी शिकवते, तेव्हा म्हणाल स्वतःचे तास वाचवायला आलीय, म्हणा. बोर्डात सहा विषय शंभर-शंभरचे, इंग्रजी सक्तीची, त्यात उडाला तर सीईटीचं पर्सेंटाइल काय भिंतीवर लावायचं? दरवर्षी वर्गात चार-पाच जण असतात ज्यांना गणितात सत्तर आणि इंग्रजीत जेमतेम काठावर. पण माझा खरा मुद्दा तो नाहीच.

तुमच्याकडची निम्मी पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती ना? अकरावीला एकदम सगळं सायन्स इंग्रजीत. तुम्ही गणित शिकवता म्हणून तुमच्याच पुस्तकातलं शेवटचं प्रकरण घेते, प्रोबॅबिलिटीतलं बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन. त्यात ‘अॅट लीस्ट टू’ असं येतं, म्हणजे दोन किंवा त्याहून जास्त. माझ्या वर्गात एका हुशार मुलीला विचारलं याचा अर्थ काय, म्हणाली ‘लीस्ट म्हणजे कमी, म्हणजे दोनपेक्षा कमी’. तिला सूत्र येत होतं, बेरीज येत होती, उत्तर मात्र पूर्ण उलटं. ‘अॅट मोस्ट’चं तेच. आता हा गणिताचा प्रॉब्लेम की इंग्रजीचा? तुम्ही गणिताचे तीन तास वाढवून तिला आणखी वीस गणितं घालाल, ती वीसही चुकवेल.

टायअप रिटर्न
मी दोन वर्षांपूर्वी बारावी झाले. अकरावी-बारावी बाहेरच्या एका शहरात टायअप कॉलेजला होते, म्हणजे नाव कॉलेजचं आणि शिकवणार क्लासवाले. तिथे भाषांना खरंच शून्य तास. जानेवारीत एका आठवड्यात इंग्रजी ‘उरकलं’, प्रॅक्टिकल दोन दिवसांत, जर्नल सीनियरचं बघून उतरवलं. मेडिकलच्या नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, एक चुकलं की एक वजा. दिवसाला दोनशे एमसीक्यू सोडवायचो.

फायदा झाला का? काहींना झाला, खोटं कशाला बोलू. स्पीड येतो. मला नाही झाला. पण माझं म्हणणं असं की गावच्या कॉलेजने तेच अर्धवट केलं तर दोन्हीकडून गेलं. तिथे सकाळी सात ते रात्री नऊ होतं म्हणून ते चालतं. तुम्ही साडेबाराला सोडणार आणि मुलं एसटीच्या टायमात. पाच तास इकडचे तिकडे केल्याने ते होणार नाही सर.

चाकरमानी ठाणेकर
सगळे भावनिक होताय. कोकण बोर्ड २०१२ ला सुरू झाल्यापासून बारावीच्या निकालात आपण पहिले म्हणून पेढे वाटतो. २०२५ ला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, आपला ९६.७४. छान. पण पास होणं वेगळं आणि मुंबई-पुण्याच्या पोरांच्या शेजारी बसून सीईटी देणं वेगळं, तिथे कोण किती टक्के पास झाले हे कोणी विचारत नाही. मास्तरांना फुल सपोर्ट. इंग्रजी मोबाईलवर येतं हल्ली. माझा भाचा रत्नागिरीला आहे, त्याला कॉलेजमध्ये अजून निबंध लिहायला लावतात, अरे काय उपयोग?

पेपर तपासणारी
नुसता निबंध नाही हो दादा, तुमच्या वेळचं पुस्तक गेलं कधीच. मराठीत आता उपयोजित आहे: मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. गेल्या वर्षी आमच्याकडे एका मुलाने स्वतःच्या घरच्या होमस्टेचं माहितीपत्रक लिहिलं, खोल्या किती, जेवणात काय, स्टँडवरून कसं यायचं, आणि खाली घरातल्यांना न विचारता ‘मासे बाजारभावाप्रमाणे’ अशी ओळ टाकली. त्याच्या आईने तो कागद तसाच छापून घेतला. एवढा उपयोग पुरे ना?

बायोवाली बाय
तुमचं फिजिक्स-गणित-इंग्रजी भांडण चालू दे, पण मास्तर, तुम्ही तासांची वाटणी करताय आणि महिने बघतच नाही आहात. नियोजन म्हणजे नुसतं कोणाला किती नाही, कधी काय हेही असतं ना.

आमच्या पुस्तकात वनस्पतींचं प्रजनन पहिलं आणि पाण्याचं वहन सहावं. सरधोपट गेलं तर सहावं येतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सगळं सुकल्यावर. मी ते उचलून गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घेते. का, तर तेरडा. गौरीसाठी पोरं तशीही तेरडा आणायला रानात जातात, वर्गात चार रोपं जास्तीची आणा म्हटलं की भारा येतो. तेरड्याचा देठ काचेसारखा असतो, मुळं धुवून लाल रंगाच्या पाण्यात ठेवला की तास संपायच्या आत आतून लाल रेघा वर चढताना दिसतात. झायलेम, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या, म्हणजे काय हे त्यानंतर फळ्यावर काढावं लागत नाही. त्याच फुलाचे पराग साखरेच्या पाण्याच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपखाली ठेवले की अर्ध्या तासात नळी फुटलेली दिसते. एका रोपात दोन प्रकरणं, खर्च शून्य.

आणि याच्या उलट केमिस्ट्री. आमचे सर सॉल्ट अॅनालिसिस, म्हणजे क्षार ओळखायचं प्रॅक्टिकल, जुलैत लावायचे. बाटली उघडली की फेरिक क्लोराइडला पाणी सुटलेलं, अमोनियम क्लोराइडचा दगड झालेला, चमच्याने खरवडायचा. आता ते दिवाळीनंतर घेतात. तुमच्या प्लॅनमध्ये प्रॅक्टिकल कुठेय मास्तर? ३० मार्क आहेत त्याला, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो तिघांनाही. मला तर तो शब्दच दिसला नाही, कापायच्या दिवसांत सोडून.

संगमेश्वरी मास्तर
बाय, लागलं ते 😅 कबूल, प्रॅक्टिकल मी जानेवारीत ढकललं होतं. त्याचंही कारण आहे, पावसात आमच्या लॅबला लाइट असेल तर असते. पोटेन्शिओमीटरच्या टर्मिनलला गंज चढतो, पोरं जॉकी (तारेवर सरकवत टेकवायचं टोक) तारेवर टेकवतात आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा ढिम्म हलत नाही. मग मी पॉलिशपेपर घेऊन बसतो घासत. अर्धा तास घासण्यात, दहा मिनिटं रीडिंग.

टायअप रिटर्न
सर ते घासणं पोरांनाच करू द्या की! आम्हाला काटा का हलत नाही हे कधी शोधावंच लागलं नाही कारण उपकरण कधी हातातच आलं नाही. इंटरनल-एक्स्टर्नलला बाईंनी बोट दाखवलं तिथे जॉकी टेकवली, मार्क आले २९. आता इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला लूज कनेक्शन शोधताना घाम फुटतो.

देवगडचो बापूस
ह्या सगळा खरा, पण माझो प्रश्न तसोच ऱ्हवलो. पोरग्याक शीट गावतली काय?

चाकरमानी ठाणेकर
बापूस बरोबर बोलले. तेरडा बघून सीट मिळत नाही.

बायोवाली बाय
दादा, सीईटीच्या बायोत १०० प्रश्न असतात, त्यात झायलेमवर येतं. बघितलेलं विसरत नाही माणूस, पाठ केलेलं विसरतो. आणि सीट इंजिनीअरिंगचीच का? बारावी सायन्सवर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल झालं. नियोजन एकाच दरवाजासाठी करायचं तर बाकीच्या पोरांनी काय करायचं? (बापूस, राग मानू नका, झिलाला काय करायचंय ते त्याला विचारलंत का एकदा?)

देवगडचो बापूस
विचारलंय. म्हणता होडी घेतंय. म्हणान तर इचारतंय हय.

संगमेश्वरी मास्तर
😀😀 बापूस, होडीच्या इंजिनालाही फिजिक्स लागतं, पाठवा त्याला.

बरं, आज बसून तक्ता परत मांडला. मराठीचे चार होते ते तीन करतोय, माहितीपत्रक-अहवाल धरून, त्यावर मी ठाम आहे, मॅडम रागावल्या तरी. इंग्रजीचे सहाच्या सहा ठेवले, पण दोन तासांना मी स्वतः वर्गात मागे बसणार आणि त्या दोन तासांत इंग्रजीच्या मॅडमनी गणिताच्या आणि फिजिक्सच्या प्रश्नपत्रिकाच वाचून घ्यायच्या, उत्तरं काढायची नाहीत, नुसतं काय विचारलंय ते पोराने मराठीत सांगायचं. ‘अॅट लीस्ट’ मी काल माझ्या वर्गात विचारून बघितलं. ४२ पैकी १७ जणांनी उलटं सांगितलं. आकडा बघून जेवण गेलं नाही. दोन वर्षं मी त्यांना प्रोबॅबिलिटी कच्ची आहे म्हणून ओरडत होतो.

फिजिक्सचं इलेक्ट्रिसिटीचं प्रॅक्टिकल ऑक्टोबरात, पावसात लाइट नको असलेले प्रयोग. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे आधी सलग तीन महिने मिळतायत, २०२५ ला २७ ऑगस्टलाच होते. गणिताचं पहिलं पुस्तक तेवढ्यात बसवतो. दिवाळीला पोर्शन संपणार नाही, नोव्हेंबरअखेर जाईल.

पेपर तपासणारी
मराठीचा एक तास कापलात तो लक्षात ठेवते. बाकी त्या दोन तासांना मागे बसाल तेव्हा मोबाईल बंद ठेवा, पोरं बघतात.

चाकरमानी ठाणेकर
नोव्हेंबरअखेर पोर्शन म्हणजे एमसीक्यूला राहिले किती दिवस? मला नाही पटलं. मे महिन्यात येतो गावाला, तेव्हा बोलू समोरासमोर.

संगमेश्वरी मास्तर
या. येताना सीईटीचे जुने पेपर प्रिंट काढून आणा चाळीस सेट, आमच्या इथे झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो.