इंकस्केपमध्ये मराठी-कन्नड अक्षरांना डबल बॉर्डर : फिल्टर की पाथ?

शहापूरचा_पोरगा
मंडळाचा कापडी बॅनर इंकस्केपमध्ये (चित्रं-डिझाइन करायचं फुकट सॉफ्टवेअर) करायलोय, १० बाय ४ फूट. वर कन्नड, खाली मराठी. भगव्या अक्षरांना बाहेरून आधी पांढरी, मग मरून बॉर्डर पाहिजे. स्ट्रोक (अक्षराभोवतीची रेघ) जाड केला की मराठीच्या शिरोरेषेवर जोडाजोडाला उभी चीर दिसते. कन्नडला तसलं काही नाही. पाहुण्यांची नावं अजून ठरायचीत, म्हणून टेक्स्टचा पाथ (नुसता आकार, मग टाइप करून बदलता येत नाही) आत्ताच करायचा नाही. काय करू?

निपाणीकर
स्ट्रोक प्रत्येक अक्षराभोवती वेगळा फिरतो, आणि शिरोरेषा सलग दिसावी म्हणून देवनागरी फॉन्टात शेजारची अक्षरं एकमेकांवर जराशी चढवलेली असतात. चीर तिथलीच. कन्नड अक्षरं अशी जोडलेली नसतात. फिल्टर (वरून चढवायचा इफेक्ट) मात्र रंगवून झालेला अख्खा मजकूर एकत्र धरून फुगवतो, त्यामुळे जोड दिसतच नाहीत. तुझ्या कामाला फिल्टरच बरा.

फिल्टर एडिटरमध्ये नवा फिल्टर घे. मॉर्फॉलॉजी (आकार जाड-बारीक करणारा भाग) लाव : इनपुट सोर्स अल्फा (अक्षरांचा नुसता आकार), ऑपरेटर डायलेट (फुगवणं). मग फ्लडमध्ये पांढरा रंग, आणि कॉम्पोझिट 'इन' करून तो रंग फुगवलेल्या आकारात बसव. मरूनसाठी हेच परत, फक्त रेडियस मोठा. शेवटी मर्ज : तळाला मरून, त्यावर पांढरा, सगळ्यात वर सोर्स ग्राफिक (मूळ अक्षरं). टेक्स्ट टेक्स्टच राहतं, नाव बदललंस की बॉर्डर मागोमाग बदलते.

डायलेट चौकोनी फुगवतो, त्यामुळे रेडियस वाढला की वेलांट्या कोनेदार दिसतात. नको असेल तर फिल्टर्स मेनूत मॉर्फॉलॉजीखाली तयार 'आउटलाइन' आहे, त्यात गोलाई टिकते. बॉर्डर वरखाली कापली गेली तर फिल्टरच्या जनरल सेटिंग्जमध्ये क्षेत्र वाढव.

कोरल_काका
आम्ही कोरलड्रॉत कंटूर टूल (बाहेरून बॉर्डर काढणारं) मारून मोकळे होतो! असो. पोरा, फिल्टरवाली पीडीएफ प्रेसला देणार असशील तर ध्यानात ठेव, सेव्ह करताना फिल्टरचा भाग पिक्सेलचं चित्र होतो. डीपीआय (इंचाला किती पिक्सेल) तिथंच विचारतो, बघून टाक. १०० डीपीआयला तुझ्या मापाचं चित्र १२,००० बाय ४,८०० पिक्सेल होतं. बॅनर लांबून बघायचा असतो, तेवढं पुरे की.

निपाणीकर
काकांचं बरोबर. नावं ठरली की कॉपी काढून ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, मग युनियन. युनियननं शिरोरेषा एकसंध होते, चीर जाते. त्यावर लिंक्ड ऑफसेट (मूळ आकाराला जोडलेली, फुगवता येणारी कॉपी) दोनदा घे, दोन्ही खाली पाठव. सगळं व्हेक्टर, म्हणजे पिक्सेल न होता रेघांचंच राहतं. मूळ टेक्स्ट ठेवच, ऐनवेळी एखादा पाहुणा वाढतोच.

शहापूरचा_पोरगा
भारी! दोन्ही लिपींना जुळणारा फॉन्ट?

निपाणीकर
'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे बलू २ आणि बलू तम्मा २. पहिल्यात देवनागरी, दुसऱ्यात कन्नड, दोन्ही फुकट. फार जाड वजन घेऊ नकोस, 'ष' नि 'क्ष'ची पोटं बुजतात. आणि अक्षरांतलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते.

कोरल_काका
छापायच्या आधी कन्नड ओळ कन्नड येणाऱ्याकडनं वाचून घे रे. ओत्तक्षरं (कन्नड जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) चुकली तर गल्लीभर बोंब.