'पतित सैनिक' नको, मग काय?

वडाचीसाल: मंडळी, इथे इंग्लंडात ११ नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांसाठी प्रार्थना असते. यंदा एक पान मराठीत द्यायचंय. भाच्याने मशीनमधून भाषांतर काढलं, तर 'पतित सैनिकांना आदरांजली'! इंग्रजी 'फॉलन'ला, म्हणजे युद्धात पडलेल्यांना, काय म्हणू? शिवाय शेवटी 'स्वातंत्र्यासाठी सैनिकांची उपकारस्तुती' लिहिलं, तर नगरच्या मावशी म्हणाल्या, उपकारस्तुती (चर्चमधलं आभार मानणं) फक्त देवाची.

घोडनवरा: पतितपावन सैनिक 😂 अहो, सरळ 'शहीद' लिहा.

शुद्धमती: शहीद अरबी आहे. 'हुतात्मा' असताना उसनवारी कशाला? सावरकरांनी दिलेला शब्द आहे.

वडाचीसाल: हुत म्हणजे होमात टाकलेलं. चर्चच्या पानावर होम?

पाळकाचा_नातू: बायबलातलं लेवीय उघडून बघा, पहिल्याच अध्यायात 'होमबली' आहे. होमाचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं. पण हुतात्मा म्हटलं की मला फ्लोरा फाउंटन दिसतं, फ्रान्सचा चिखल नाही.

घोडनवरा: तिथले हुतात्मे १०५, १०६ की १०७?

शुद्धमती: त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे नको.

पाळकाचा_नातू: गंमत म्हणजे 'शहीद'च्या मुळाशी साक्ष आहे, आणि ग्रीक 'मार्तुस' म्हणजेही साक्षीदारच. म्हणून आपल्याकडे 'रक्तसाक्षी'. पण तो स्तेफनासारख्यांसाठी, विश्वासापायी दगड खाल्लेल्यांसाठी. खंदकात मेलेला पोरगा कशाची साक्ष देत होता? कदाचित शेजारच्या मित्राची. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे योहान १५:१३ त्यालाच लागू पडतं. रक्तसाक्षी मात्र म्हणू नये.

शुद्धमती: मग 'धारातीर्थी पडले'. अस्सल मराठी, आणि 'पडले' आयतंच आलं.

वडाचीसाल: तलवारीच्या धारेचं तीर्थ! सुंदर आहे, पण हे लोक तोफगोळ्यांनी आणि विषारी वायूने गेले हो.

माणदेशी: आमची आजी 'कामी आला' म्हणायची. तिचा चुलता पहिल्या लढाईत गेला, परत आलाच नाही. साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी आहे, एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेले. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, हुतात्मा-बितात्मा कोणी म्हणत नाही.

शुद्धमती: बोलीत चालेल, छापील पानावर नाही.

माणदेशी: का? छापील पानाला सोवळं असतं का?

पाळकाचा_नातू: वडाचीसाल, तिथल्या स्मारकशिळेवरचं 'त्यांचं नाव सदासर्वकाळ जिवंत राहतं' या अर्थाचं वाक्यही घ्याल ना? ते सिराखच्या ४४व्या अध्यायातलं. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात शोधू नका, ते पुस्तकच त्यात नाही. इंग्रज कवी किपलिंगने सुचवलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ साली फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत गेला, आणि बापाच्या हयातीत त्याची कबर काही सापडली नाही. त्या वाक्यात 'मेले', 'पडले' काहीच नाही, नुसतं नाव आहे. मला तरी तेच बरं वाटतं.

घोडनवरा: पानिपतच्या बखरीत तर पडलेल्या माणसांना मोत्यं, मोहरा, खुर्दा म्हटलंय.

माणदेशी: खुर्दा म्हणजे शिपाईगडी. नावं मोत्यांचीच लिहिली.

शुद्धमती: विषयांतर होतंय. बखरीत 'खुर्दा' की 'चिल्लर खुर्दा'?

वडाचीसाल: पान आज छापायला गेलं. 'रणात कामी आलेले' लिहिलंय, माणदेशींचे आभार. उपकारस्तुतीचं कोणीच बोललं नाही, म्हणून 'देवाची उपकारस्तुती' आणि सैनिकांना 'कृतज्ञ नमस्कार' असं वेगवेगळं केलं. मावशी आता 'नमस्कार' शब्दावर अडल्यात.

माणदेशी: चिल्लर खुर्दा.