व्हिएन्नातील आगळीवेगळी संग्रहालये: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरात आईबाबांना घेऊन व्हिएन्नाला जाण्याचा बेत आहे. राजवाडे आणि चित्रदालनांची माहिती सहज मिळते, त्यामुळे त्याविषयी विचारत नाही. बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला असल्याने हेरेनगासेवरील मोलार्ड प्रासादातले गोलांचे संग्रहालय त्यांना दाखवायचेच आहे. तिथे पृथ्वीगोलांबरोबर आकाशाचे गोलही मांडलेले आहेत.

मला स्वतःला मात्र मध्यवर्ती दफनभूमीतील अंत्यविधी संग्रहालयाची फार ओढ आहे. सम्राट दुसऱ्या जोसेफच्या कारकिर्दीत, लाकडाची बचत व्हावी म्हणून, तळाला झडप असलेली शवपेटी आणली गेली. झडप उघडली की देह खड्ड्यात उतरे आणि तीच पेटी पुढच्या अंत्यविधीसाठी पुन्हा वापरता येई. लोकांनी एवढा विरोध केला की सम्राटाला माघार घ्यावी लागली. ही पेटी प्रत्यक्ष पाहावी, अशी मनापासून इच्छा आहे.

तिथे ७१ क्रमांकाची ट्राम जाते, पण थांब्यापासून गुडघेदुखी असलेल्या माणसाला कितपत चालावे लागते? आत जिने आहेत की लिफ्ट? मनोरुग्णांसाठी १७८४ मध्ये बांधलेल्या नारेनटुर्म या गोल इमारतीत आता विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगांमुळे शरीरात झालेले बदल दाखवणारे, नमुने ठेवले आहेत. हळव्या मनाच्या आईला तिथे न्यावे का? गोलांच्या संग्रहालयात इंग्रजी माहितीफलक पुरेसे आहेत का, हेही ज्यांनी ते पाहिले आहे त्यांनी कृपया कळवावे.